सदुसष्टावा लघुग्रह : मद्रासेत सापडलेली 'एशिया'

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान फिरणाऱ्या असंख्य लघुग्रहांपैकी एकाचा क्रमांक ६७ असून त्याचे नाव 'एशिया' आहे. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास येथील सरकारी वेधशाळेत नॉर्मन रॉबर्ट पॉगसन या इंग्रज ज्योतिर्विदाने तो शोधून काढला. आशिया खंडाच्या भूमीवरून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह. आकाराने तो सर्वांत मोठा नव्हे, तेजानेही सर्वांत उजळ नव्हे. खगोलशास्त्राच्या सामान्य इतिहासग्रंथांत त्याला दोन ओळींहून अधिक जागा मिळत नाही. तरीही या लघुग्रहाचा शोध, त्याची कक्षा आणि विशेषतः त्याचे नाव या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करण्यासारखा आहे असे आम्हांस वाटते. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर वसलेल्या कुटुंबांना नावाचा प्रश्न काही नवा नाही. नव्या ठिकाणी वसताना वस्तीला, वाड्याला, देवळाला जुन्या गावाचे नाव द्यावे, की ज्या मातीने आसरा दिला तिचे नाव घ्यावे, हा विचार आपल्या पूर्वजांनीही केलाच असेल. पॉगसनने आपल्यापुरते त्याचे एक उत्तर दिले आणि ते आकाशात कायमचे नोंदले गेले.

प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिटियस आणि बोडे या जर्मन विद्वानांनी ग्रहांच्या सूर्यापासूनच्या अंतरांत एक आकडेवारीचा क्रम दाखवून दिला होता. त्या क्रमाप्रमाणे मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एका ग्रहाची जागा रिकामी राहत होती. १ जानेवारी १८०१ रोजी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच रात्री, सिसिली बेटावरील पालेर्मो येथे जुझेप्पे पियात्सी या धर्मोपदेशक ज्योतिर्विदाला एक हलणारा बिंदू दिसला. त्याने ११ फेब्रुवारीपर्यंत त्याचे वेध घेतले; पुढे तो बिंदू सूर्याच्या तेजात हरवला. तो पुन्हा कोठे शोधावा हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउसने मोजक्या वेधांवरून संपूर्ण कक्षा काढण्याची नवी गणितपद्धत वापरून त्याचे स्थान वर्तविले, आणि वर्ष सरता सरता तो बिंदू त्या सुमारास पुन्हा सापडला. हाच 'सीरीस'. लघुग्रहांच्या पुढील सर्व इतिहासाचे तीन टप्पे या एका उदाहरणात दिसतात. प्रथम दिसणे, मग हरवण्याच्या आत कक्षा बांधणे, आणि शेवटी नाव देणे.

नावाचा वाद देखील सीरीसपासूनच सुरू झाला. पियात्सीने सिसिलीची पुरातन देवता सीरीस आणि आपला राजा फर्डिनांड या दोघांची नावे जोडून 'सीरीस फर्डिनांडिया' असे नाव दिले होते. देवता टिकली, राजा गळून पडला. पुढील सहा वर्षांत पॅलास, जूनो आणि व्हेस्टा सापडले आणि नंतर जवळजवळ अडतीस वर्षे काहीही सापडले नाही. ही कोंडी फोडली ती कार्ल हेंके नावाच्या एका निवृत्त जर्मन टपाल कर्मचाऱ्याने. सुमारे पंधरा वर्षे चिकाटीने आकाश धुंडाळून ८ डिसेंबर १८४५ रोजी त्याने 'अ‍ॅस्ट्रिया' शोधला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने रिकाम्या वेळात काय करावे, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर आमच्या तरी ऐकिवात नाही. हेंकेनंतर मात्र शोधांची रीघ लागली. १८४७ पासून पुढे लघुग्रह सापडला नाही असे वर्ष जाईना.

या शोधकांच्या मांदियाळीत पॉगसन होता. त्याचा जन्म १८२९ साली नॉटिंगहॅम येथे झाला. लंडनमध्ये जॉन रसेल हिंड याच्या हाताखाली तो तयार झाला आणि १८५२ साली ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला. तेथे असताना त्याने तीन लघुग्रह शोधले : १८५६ साली 'आयसिस' आणि १८५७ साली 'अ‍ॅरिअ‍ॅड्नी' व 'हेस्टिया'. यांपैकी पहिल्याचे नाव वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन यांनी सुचविले. पॉगसनच्या लहान मुलीचे नाव एलिझाबेथ आयसिस होते. आयसिस ही इजिप्तची देवी. आणि ऑक्सफर्डजवळ वाहणाऱ्या टेम्स नदीलाही स्थानिक लोक आयसिस म्हणतात. एका नावात मुलगी, देवी आणि नदी अशा तिघी सामावल्या. वरवर पाहता नाव पुराणातले, आतून मात्र घरातले आणि गावातले. ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पॉगसनचे नाव आज जगभर घेतले जाते ते लघुग्रहांसाठी नव्हे, तर ताऱ्यांच्या प्रतींसाठी. प्राचीन काळापासून ताऱ्यांच्या तेजाचे पहिली प्रत, दुसरी प्रत असे सहा वर्ग करण्याची चाल होती. परंतु एका प्रतीत आणि दुसरीत नेमका किती फरक, हे निश्चित नव्हते. १८५६ साली पॉगसनने सुचविले की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपटींचा फरक मानावा. म्हणजे एका प्रतीमागे सुमारे २.५१२ पट. हे प्रमाण सर्वमान्य झाले आणि आजही सर्वत्र तेच वापरतात. त्याच्याच मोजपट्टीने सांगावयाचे तर नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. 'एशिया' बहुधा दहाव्या-अकराव्या प्रतीचा असतो. अर्थात निष्णात डोळ्याला दिसणाऱ्या अंधूकात अंधूक ताऱ्याच्याही शंभराव्या हिश्श्याइतकेच तेज अकराव्या प्रतीच्या बिंदूला असते.

१८६० साली पॉगसनची मद्रास सरकारचा ज्योतिर्विद म्हणून नेमणूक झाली आणि १८६१ च्या फेब्रुवारीत तो मद्रासेत दाखल झाला. ही वेधशाळा तेव्हाही जुनी होती. विल्यम पेट्री नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ साली एगमोर येथे खासगी हौस म्हणून ती सुरू केली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने ती ताब्यात घेतली आणि १७९२ साली नुंगमबाक्कम येथे तिची इमारत उभी राहिली. कंपनीला आकाशाची गोडी होती असे समजण्याचे कारण नाही. जहाजे हाकारण्यास आणि मुलुखाची मोजणी करण्यास अक्षांश-रेखांश अचूक हवे असत व अचूक वेळ हवी असे. त्यासाठी ही सोय होती. परंतु सरकारी कामासाठी बांधलेल्या जागेत एखादा मनस्वी माणूस आला की सरकारी कामापलीकडचेही काही घडते. टॉमस ग्लॅनव्हिल टेलर याने येथेच अकरा हजारांहून अधिक ताऱ्यांची सूची सिद्ध केली आणि ती १८४४ साली प्रसिद्ध झाली. मद्रासचा अक्षांश सुमारे १३ अंश उत्तर. त्यामुळे यूरोपातील वेधशाळांना जे दक्षिण आकाश क्षितिजाखाली लपलेले असते ते येथून पाहता येई.

पॉगसन येऊन जेमतेम दोन महिने झाले असतील-नसतील, तोच १७ एप्रिल १८६१ उजाडला. त्या काळी लघुग्रह शोधण्याची रीत अगदी साधी आणि तितकीच कष्टाची होती. छायाचित्रांचा उपयोग अद्याप सुरू झाला नव्हता. तो १८९१ साली माक्स वोल्फने केला. आकाशातील एका लहानशा भागाचा, अंधूक ताऱ्यांसकट, बारकाईने नकाशा काढावयाचा. मग रात्रीमागून रात्री दुर्बिणीतून तोच भाग पाहून नकाशाशी ताडून घ्यावयाचा. एखादा बिंदू नकाशात नाही असे आढळले तर दोन शक्यता उरत : नकाशा चुकला, किंवा पाहुणा आला. त्याचा निर्णय करण्यासाठी काही तास, कधी एक-दोन रात्री थांबावे लागे. बिंदू शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात सरकला तर तो ग्रह. म्हणजे शोधाचे खरे श्रेय दुर्बिणीइतकेच नकाशाला आणि नकाशाइतकेच निष्ठेने ताडून पाहणाऱ्या डोळ्याला. महसूल खात्यात ज्यांनी मोजणीच्या नोंदी जागेवर जाऊन पडताळल्या असतील त्यांना या कामाची जात ओळखू येईल.

बिंदू सापडला तरी काम तेथे संपत नसे. आपण सापडलेली गोष्ट दुसऱ्यांना वेळेत कळविली नाही तर ती पुन्हा हरवण्याची धास्ती असे, कारण लघुग्रह उत्तम दिसतो तो प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना. त्यानंतर तो मंद होत होत मावळतीकडे झुकतो आणि सूर्याच्या तेजात लुप्त होतो. त्या वेळी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये तारायंत्राची जोड नव्हती. ती १८६५ साली झाली. १८६१ साली मद्रासची बातमी सुएझच्या वाटेने आगबोटीच्या टपालातूनच जात असे आणि ती पोचण्यास महिना सहज लागे. तोवर यूरोपच्या वेधशाळांना या नव्या ग्रहाचा पत्ताही नसणार. तेव्हा तो हरवू न देण्याची जबाबदारी आरंभीचे कित्येक आठवडे मद्रासवरच होती. दर रात्रीच्या स्थानाची काटेकोर नोंद ठेवणे हा त्यावरील एकच उपाय. दहा-अकरा वर्षांत परिस्थिती किती पालटली पाहा. १८७२ च्या नोव्हेंबरअखेर गटिंगनच्या क्लिंकरफ्यूझने बिएलाच्या धूमकेतूचा शोध अमुक ताऱ्याजवळ घ्या अशी तारच पॉगसनला धाडली आणि २ डिसेंबर रोजी पॉगसनला त्या भागात एक धूमकेतू दिसलाही. तो बिएलाचा नसावा असे पुढे ठरले, ही गोष्ट वेगळी. परंतु 'एशिया'च्या वेळी अशी सोय नव्हती.

आता कक्षेकडे वळू. पृथ्वी आणि सूर्य यांमधील सरासरी अंतराला एक ज्योतिषीय एकक म्हणतात. 'एशिया'चे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे २.४२ एकके आहे. केप्लरचा तिसरा नियम सांगतो की अंतराचा घन हा प्रदक्षिणाकाळाच्या वर्गाइतका असतो. २.४२ चा घन केला तर सुमारे १४.१७ येतात, त्याचे वर्गमूळ ३.७६ पेक्षा किंचित अधिक. म्हणजे 'एशिया'चे एक वर्ष आपल्या पावणेचार वर्षांहून थोडे मोठे. हा हिशेब कोणत्याही वाचकाने वहीवर करून पाहावा. गाउसचे गणित कठीण असले तरी केप्लरचे नाही. १८६१ पासून आजपर्यंत 'एशिया'ने सूर्याभोवती चाळीसहून अधिक प्रदक्षिणा पुऱ्या केल्या आहेत.

ही कक्षा वर्तुळाकार नाही, अंडाकृती आहे. तिची उत्केंद्रता सुमारे ०.१८५. त्यामुळे उपसूर्य बिंदूपाशी 'एशिया' सूर्यापासून दोन एककांहून किंचित कमी अंतरावर येतो, तर अपसूर्य बिंदूपाशी जवळजवळ २.८७ एकके दूर जातो. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याची कक्षा सुमारे सहा अंशांनी कललेली आहे. आणखी एक मौज अशी की मंगळाचा प्रदक्षिणाकाळ सुमारे १.८८ वर्षे, त्याची दुप्पट केली तर ३.७६ वर्षे होतात. म्हणजे मंगळाच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात 'एशिया'ची एक. मंगळासारख्या लहान ग्रहाची ओढ फारशी नसते, तरीही दोघांच्या गतीतील हा ताळमेळ अभ्यासकांच्या नजरेत भरलेला आहे. पृथ्वीच्या दृष्टीने पाहता दर सुमारे सोळा महिन्यांनी 'एशिया' प्रतियुतीला येतो आणि लहान दुर्बिणीच्या आवाक्यात पडतो.

त्याचा व्यास साठ किलोमीटरांच्या आसपास आहे. इंदूरहून उज्जैनला जाण्यास जेवढे अंतर कापावे लागते, जवळपास तेवढा. स्वतःभोवती एक फेरा करण्यास त्याला सोळा तासांहून थोडा कमी वेळ लागतो. त्याची गणना दगडी जातीच्या लघुग्रहांत होते. पट्ट्याच्या आतील, सूर्याजवळच्या भागात अशांचे प्रमाण अधिक आढळते. पॉगसनला यांतील व्यास, जात आणि स्वतःभोवतीचा फेरा यांची काहीच कल्पना असणे शक्य नव्हते. त्याच्या दुर्बिणीत तो केवळ एक सरकता बिंदू होता.

आता नावाविषयी. १८६१ हे वर्ष लघुग्रहांच्या दृष्टीने सुगीचे होते. त्या एका वर्षात ६३ ते ७२ या क्रमांकांचे दहा लघुग्रह सापडले. आणि नावांवरून जितके रुसवेफुगवे त्या सुमारास झाले तितके क्वचितच झाले असतील. लघुग्रहाचे नाव ग्रीक-रोमन पुराणांतील देवतेचे, तेही स्त्रीदेवतेचे असावे असा अलिखित दंडक होता. १८५० साली हिंडने आपल्या एका शोधाला 'व्हिक्टोरिया' नाव दिले, तेव्हा जिवंत राणीचे नाव आकाशात कशाला, म्हणून अमेरिकेतून तक्रार झाली. हिंडने रोमन विजयदेवतेचा हवाला दिला. मार्च १८६१ मध्ये सापडलेल्या ६५ व्या लघुग्रहाला बव्हेरियाच्या राजाच्या सन्मानार्थ 'मॅक्सिमिलियाना' म्हटले गेले. त्यावर इतका विरोध झाला की अखेर त्याचे 'सिबिली' झाले. मार्सेय वेधशाळेच्या परिसरातील एका ठिकाणाची आठवण म्हणून ठेवलेले 'अँजेलिना' हे नावही अनेकांना रुचले नाही.

मात्र त्याच वसंतात दोन इटालियन शोधकांनी अधिक चतुराई दाखविली. इटलीचे एकीकरण होऊन मार्च १८६१ मध्ये नव्या राज्याची घोषणा झाली होती. नेपल्सच्या दे गास्पारिसने आपल्या लघुग्रहाचे नाव ठेवले 'ऑसोनिया' आणि मिलानच्या स्क्यापारेल्लीने ठेवले 'हेस्पेरिया'. दोन्ही शब्द प्राचीन काव्यांतले, म्हणून पंडितांना मान्य. आणि दोन्ही इटलीचीच जुनी नावे, म्हणून देशभक्तांना गोड. पॉगसनने नेमकी हीच वाट धरली. ग्रीक पुराणांत 'एशिया' नावाची एक टायटन कुळातील स्त्री आहे. हेसिअडच्या परंपरेत ती सागरदेव ओशिअनसची कन्या; काही कथांत ती मानवांना अग्नी देणाऱ्या प्रॉमिथिअसची आई, तर हिरॉडोटसने दिलेल्या एका समजुतीप्रमाणे प्रॉमिथिअसची पत्नी. देवतेचा दंडक पाळला गेला. आणि ज्या खंडावरून हा ग्रह प्रथमच दिसला त्या खंडाचेही नाव झाले. पॉगसनच्या मनात हे दोन्ही अर्थ होते. १८५८ सालीच पॅरिसचा चित्रकार-ज्योतिर्विद गोल्डश्मिटने 'यूरोपा' हे नाव वापरले होते. आफ्रिकेची पाळी मात्र १९३१ साली आली, जेव्हा जोहान्सबर्गहून सापडलेल्या एका लघुग्रहाला 'आफ्रिका' नाव मिळाले.

या नावाकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक बाजू अशी की हेही साम्राज्याचेच नाव आहे. मद्रासेत राहून, तमिळ-तेलुगू मुलखात बसून, पॉगसनला येथील एखादी देवता सुचली नाही. सुचली ती ग्रीकांची. 'एशिया' हा शब्द येथील लोकांनी स्वतःसाठी कधी वापरला नव्हता; तो पश्चिमेने पूर्वेला दिलेला. दुसरी बाजू अशी की हा गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी आलेला परका नोकर होता. राणीचे, गव्हर्नरचे किंवा स्टेट सेक्रेटरीचे नाव देऊन वरिष्ठांची मर्जी संपादन करण्याची संधी त्याला होती. हिंडचे उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होते, हिंड तर त्याचा जुना वरिष्ठ. तरी त्याने नाव घेतले ते ज्या भूमीवर उभे राहून आकाश पाहिले त्या भूमीचे. आमच्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत, परंतु दुसरीचे वजन अधिक. त्या काळच्या दंडकाच्या चौकटीत राहून स्थळाचा जेवढा मान राखता येणे शक्य होते तेवढा त्याने राखला.

मात्र एक प्रश्न उरतोच. आशियाचे नाव आकाशात गेले. आशियातील माणसांचे काय? वेधशाळेत पॉगसन एकटा नव्हता. चिंतामणी रघुनाथाचारी हे तेथील प्रमुख भारतीय साहाय्यक. त्यांनी १८६७ साली 'आर रेटिक्युली' हा रूपविकारी तारा शोधला. हा तारा दक्षिण आकाशात इतका खाली आहे की यूरोपातून तो दिसणे शक्य नाही आणि मद्रासहूनही तो क्षितिजापासून फार वर येत नाही. १८७२ साली ते लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पॉगसन मछलीपट्टणला गेला आणि रघुनाथाचारींनी निजामाच्या राज्यातील वनपर्ती येथील तुकडीचे काम पाहिले. सीमाभागातील वाचकांना हेही आठवेल की त्याच ग्रहणाचे वेध घेण्यासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेलने पटवर्धनांच्या जमखंडीत मुक्काम टाकला होता. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी रघुनाथाचारींनी सामान्य लोकांसाठी पुस्तिका लिहिली आणि प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे दृग्गणित पंचांग चालविले. १८८० साली ते वारले.

येथे आपल्याकडील केरो लक्ष्मण छत्रे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'एशिया' सापडण्याच्या आदल्याच वर्षी, १८६० साली, त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत प्रसिद्ध झाली. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह एका ठिकाणी आणावेत ही केरूनानांची खटपट आणि रघुनाथाचारींची खटपट एकाच जातीची. एक पुण्यात, दुसरे मद्रासेत; एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची तमिळ; परंतु डोळ्याने पाहिलेले खरे मानावे आणि ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगावे हा आग्रह दोघांचाही सारखाच. शोधाचे नाव एकाला मिळते, परंतु शोध रुजतो तो अशा माणसांमुळे.

वेधशाळेतील दुसरे विसरलेले नाव आयसिस पॉगसनचे. ऑक्सफर्डच्या लघुग्रहाला जिचे नाव मिळाले तीच ही मुलगी. ती १८७३ पासून सुमारे पंचवीस वर्षे मद्रासच्या वेधशाळेत काम करीत होती. हवामानखात्याचे कामही तिने सांभाळले. १८८६ साली रघुनाथाचारींच्याच सोसायटीत तिला घ्यावे असा प्रस्ताव तिच्या वडिलांनी मांडला. सनदेतील शब्द पुरुषवाचक आहेत या कारणावरून तो पुढे गेला नाही. अखेर १९२० साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, ती सदस्य झाली. आकाशात नाव चौथ्या वर्षी आणि सभासदांच्या यादीत नाव सुमारे चौसष्ट वर्षांनंतर! दप्तरातील एका शब्दामुळे माणसाचे आयुष्य कसे खोळंबते हे आम्ही नोकरीच्या काळात पुष्कळदा पाहिले आहे. पण इतके लांबलेले प्रकरण विरळाच.

पॉगसनने मद्रासहून पुढे आणखी चार लघुग्रह शोधले : १८६४ साली 'सॅफो', १८६६ साली 'सिल्व्हिया', १८६८ साली 'कॅमिला' आणि १८८५ साली 'व्हेरा'. यांपैकी 'सिल्व्हिया'ला २००१ आणि २००४ मध्ये एकेक चंद्र सापडला आणि दोन चंद्र असलेला तो पहिला ज्ञात लघुग्रह ठरला. २३ जून १८९१ रोजी पॉगसन मद्रासेतच, नोकरीत असतानाच, निधन पावला. त्याच्या वेधांचा बराच भाग तेव्हा अप्रकाशित होता. तो त्याच्यामागून आलेल्या मिची स्मिथने छापून पुरा केला. १८९९ साली खगोलशास्त्राचे काम कोडाईकनालला हलले. 'व्हेरा'नंतर भारतभूमीवरून लघुग्रह सापडण्यास तब्बल एकशे तीन वर्षे जावी लागली. १९८८ च्या फेब्रुवारीत कावलूर वेधशाळेत आर. राजमोहन यांना ४१३० क्रमांकाचा लघुग्रह सापडला आणि त्याला 'रामानुजन' हे नाव मिळाले. दंडक आता बदलले होते. नाव सुचविण्याचा पहिला अधिकार शोधकाला दहा वर्षे असतो, नाव सोळा अक्षरचिन्हांत बसावे लागते, राजकीय वा लष्करी कारणाने प्रसिद्ध असलेल्यांची नावे त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे देता येत नाहीत, आणि अंतिम मान्यता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ देतो. ग्रीक देवतेच्या आडून आपल्या भूमीचे नाव घेण्याची गरज राजमोहन यांना राहिली नव्हती. त्यांनी थेट गणितज्ञाचे नाव घेतले. 'एशिया'पासून 'रामानुजन'पर्यंतचे अंतर असे मोजता येते.

आज ज्ञात लघुग्रहांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे. त्यांतील बहुतेकांना नाव नाही, केवळ क्रमांक आहे. अनेकांना तोही नाही. अशा गर्दीत सदुसष्टावा क्रमांक म्हणजे अगदी जुन्या खातेदारांपैकी एक. त्याची नोंद वाचताना शोधकाचे नाव पॉगसन, स्थळ मद्रास, एवढे दोन शब्द आपण वाचतो. रघुनाथाचारींचे वा आयसिसचे नाव त्या ओळीत नाही, आणि तसे ते असावे असा पुरावा असल्यावाचून आम्ही म्हणणारही नाही. परंतु त्या वेधशाळेची कहाणी सांगताना ती दोन्ही नावे सांगणे हे आपल्या हाती आहे. आपल्या गावांतूनही जुन्या शाळा, वाचनालये, पाटबंधारे आणि देवस्थाने यांच्या दगडांवर एखाद्याच दात्याचे वा अधिकाऱ्याचे नाव कोरलेले असते. ज्यांनी तेथे रोज हजेरी लावली त्यांची नावे जुन्या वह्यांत, पत्रव्यवहारांत आणि वृद्धांच्या आठवणीत पडून आहेत. ती वेळीच उतरवून घ्यावीत. हरवलेला लघुग्रह गणिताने पुन्हा सापडू शकतो. न नोंदलेल्या माणसासाठी तसे गणित नाही.